दोन्ही हात एकदम

किसन,

आज दुपारी दिघीला तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीची बस तशीच तुझ्या वस्तीकडे वळवली होती. ड्रायव्हरने कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्याला अडवलं नाही. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. तू पोहण्यात जिल्ह्यात पहिला आलास ते, कामगारांच्या स्पर्धेत कंपनीला ढाल मिळवून दिलीस ते. युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, किसनराव पाण्यात माशासारखे होते. तू मागे बसून पुटपुटला असतास, "मासा कसला, बेडूक म्हण की."

पुण्यातल्या त्या शेवटच्या शर्यतीबद्दल मात्र कुणी बोललं नाही. बोलणारा तिथपर्यंत यायचा, मी कुठे बसलोय ते बघायचा आणि तुझ्या मनमिळाऊ स्वभावाकडे वळायचा. तू मनमिळाऊ नव्हतास. पण गेलेल्या माणसाला एवढं चालवून घ्यावं लागतं.

चहा झाल्यावर शांतावहिनींनी मला आत बोलावलं. बायका भांडी आवरत होत्या. त्यांनी इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं.

"भावजी, त्या दिवशी हे कितवे आले व्हते?"

"बाद झालेल्याला नंबर नसतो, वहिनी."

"ते समद्यांनी सांगितलंय. तुमी तर तलावाच्या भितीपाशीच बसला व्हता. बाद व्हायच्या आदी कितवे आले व्हते, ते इचारतेय मी."

मी म्हणालो, उद्या येतो, उद्या सांगतो. त्या कप विसळता विसळता म्हणाल्या, "त्यास्नी बी असंच म्हनला असाल तुमी."

त्यांना सांगण्याआधी तुला सांगायला हवं. तू गेल्यावर सांगण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. तरी लिहायला बसलोय.

बासष्टच्या उन्हाळ्यात आपण दोघं एकाच आठवड्यात कंपनीत लागलो. शेडवर पत्रे पडले होते, भिंती अजून व्हायच्या होत्या, वारा सुटला की पिंपरीची सगळी धूळ मशीनवर यायची. मी साताऱ्याकडचा, आयटीआय झालेला, म्हणून सेटर, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवणारा. तू हेल्पर. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू मला विचारलंस, "पवता येतं का?" मी नाही म्हणालो. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मला चालताच येत नाही.

रविवारी तू मला तुझ्या खाणीवर नेलंस. मिलिटरीच्या हद्दीला लागून दगडाची जुनी खाण होती, पावसाचं पाणी साचून हिरवीगार झालेली. तुझ्या वडिलांनी तिथे दगड फोडले होते. गावच्या विहिरीत तुमच्या वस्तीतल्या पोरांना उडी मारू देत नसत, म्हणून तू इथे पोहायला शिकलास. हे तू तक्रार म्हणून सांगितलं नाहीस. रस्ता सांगावा तसं सांगितलंस: विहीर तिकडं, ती त्यांची, खाण हिकडं.

तुझं पोहणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही हात छातीपासून पुढे जायचे, उघडायचे, परत छातीशी यायचे, आणि डोकं सारखं पाण्याच्या वर. पाणी जराही उडत नव्हतं. मी विचारलं, तोंड का बुडवत नाहीस? तू म्हणालास, "खाली दगूड हाय. बघून पवायचं. तोंड घातलं की कपाळमोक्ष." ह्या पोहण्याला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात आणि त्याचा नियमच असा आहे की डोकं पाण्याखाली जाऊ द्यायचं नाही, हे आपल्या दोघांनाही पुढच्या वर्षी कळलं. तुला त्याचं नवल वाटलं नाही. नियम करणारा माणूस खाणीत पोहलेला असणार, एवढंच तू म्हणालास.

पुण्याच्या तलावातली तुझी पहिली स्पर्धा मला अजून दिसते. तळाची फरशी दिसेल असं निळं पाणी तू आधी कधी बघितलं नव्हतंस. तू सगळ्यांच्या पुढे भिंतीपाशी गेलास, एका हाताने भिंत धरलीस, मागे वळून कोण कुठे आहे ते नीट पाहिलंस आणि मग निघालास. बाद. एका वयस्क पंचाने तुला बाजूला घेऊन समजावलं: ह्या प्रकारात वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत. तू त्यांना विचारलंस, "साहेब, एक हात आदी लागला तर भित पडती का?" सगळे हसले. तू हसला नाहीस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतरची वर्षं तुझी होती. त्यांची यादी आज दिघीला वाचून झाली, मी परत वाचत नाही. मला आठवतं ते वेगळंच. कंपनीच्या कॉलनीतला तलाव फक्त ऑफिसरांसाठी होता. तू पहिली ढाल आणलीस तेव्हा संध्याकाळचा एक तास कामगारांना मिळाला. पहिल्या दिवशी प्रेस शॉपमधले निम्मे लोक काठाशी पाय सोडून नुसते बसले होते, उतरायची हिंमत नव्हती. तू पाण्यातून ओरडलास, "आरं राव, उतरा की! सायबानं हितंच अंगुळ केलीय, काय न्हाई व्हत." पलीकडे एक साहेब टॉवेल गुंडाळून उभे होते. तेही हसले.

आता पाचरीबद्दल. हे आपण दोघं कधी पुरतं बोललो नाही.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोका खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये राहत नाही. पण तसं काम केलं तर दिवसाचे जॉब, म्हणजे नग, दिवसात होत नाहीत. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, उजव्या हाताने दुसरं बटण दाबत राहायचं आणि डाव्या हाताने जॉब काढायचा, नवा घालायचा. शॉपमध्ये निम्म्या प्रेसना पाचर असायची. ती उपटून टाकणं हे सेटरचं काम. सेटर मी होतो.

इतरांना पाचर जास्तीच्या पैशांसाठी हवी असायची. तू तोवर हेल्परचा प्रेसवर आला होतास आणि तुला तलावावर वेळेत पोचायचं असायचं. "वसंता, हिकडं बघू नगंस," तू म्हणायचास, आणि मी बघायचो नाही. मला वाटायचं मी तुझी सोय करतोय. एक प्रकारे तुझ्या ढालीत माझाही वाटा आहे असं वाटायचं.

त्या दिवशी मी शेजारच्या प्रेसवर डाय बसवत होतो. तू ओरडला नाहीस. ठोक्यांची लय तुटली म्हणून मी वळलो. डाव्या हाताची अंगठा आणि करंगळी सोडून तिन्ही बोटं मधल्या पेरापासून गेली होती. तू उजव्या हाताने पाचर काढून खिशात टाकत होतास. मला वाचवायला, हे मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. मानता आले असते असं आजही वाटत नाही.

सगळ्यांनी तुला सांगितलं, फ्रीस्टाइल कर. त्यात एक हात टेकला तरी चालतो. तू ऐकलं नाहीस. "त्यात तोंड पान्यात घालावं लागतं. समोरचं दिसत न्हाई." मग हात बांधलेला असतानाच तू एकदा म्हणालास, "प्रेसला दोन्ही हात, भितीला बी दोन्ही हात. एका हाताचं कामच न्हाई आपल्या नशिबी."

अडचण साधी होती. डावा हात आखूड झाला होता. दोन्ही हात सारखे पुढे टाकले की उजवा आधी लागायचा. डावा खांदा पुढे काढला तर खांदे वाकडे होतात, तेही चालत नाही. उपाय तूच शोधलास. उजव्या हाताची बोटं मधल्या पेरापासून मुडपायची आणि तशीच भिंतीवर न्यायची. धडधाकट हाताला आखूड करायचं. दर वळणाला इंच-दीड इंच सोडून द्यायचं आणि ते पायांनी भरून काढायचं.

पाण्यातून तुला कळत नव्हतं की हात बरोबर लागले की नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी भिंतीपाशी उकिडवा बसायला लागलो. तू आलास की मी फक्त "एक" किंवा "दोन" म्हणायचो. एक म्हणजे दोन्ही हात एकदम. दोन म्हणजे उजवा आधी. सुरुवातीला सगळे दोनच. तू चिडायचास.

"दोन कुटनं आलं? एकच व्हतं."

"दोन."

"कान धुवून ये जा आदी!"

"कानाने नाही, डोळ्याने बघतोय."

"मंग डोळं धू."

हळूहळू एक यायला लागले. तुझी उजवी बोटं इतकी शिकली की कँटीनमध्ये कप धरतानासुद्धा ती अर्धी मिटलेली असायची. आणि माझे डोळे असे झाले की दोन हातांमधला पापणीच्या केसाएवढा फरक मला दिसायला लागला. तूच म्हणालास, "येवढं बघतोस तर बिल्ला तरी लाव." म्हणून मी पुण्याला जाऊन पंचाची परीक्षा दिली. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशावर बिल्ला. तू मला बघून सलाम ठोकलास आणि म्हणालास, "आयस्क्रीमवाला दिसतोस."

बोटं गेल्यावरही कंपनीने तुला प्रेसवरच ठेवलं होतं, लहान प्रेसवर. राज्याच्या संघात निवड झाली तर तुला कायमचं तलावावर घेऊ, असा शब्द साहेबांनी दिला होता. ती निवड पुण्याच्या त्या शेवटच्या शर्यतीत होणार होती, म्हणजे तिथे प्रश्न ढालीचा नव्हता. उरलेल्या सात बोटांनिशी तू प्रेसपासून सुटणार की नाही, एवढाच होता. वहिनींनी त्या सकाळी मला सांगितलं होतं, "भावजी, आज त्यांच्याजवळच ऱ्हावा."

मुख्य पंचांनी लेन वाटून दिल्या. मला चौथी आली. तू चौथ्या लेनमध्ये होतास. सहाव्या लेनवरचे पंच माझ्या ओळखीचे होते, मी एक शब्द बोललो असतो तर ते जागा बदलून बसले असते. मी बोललो नाही. तुला जिंकताना सगळ्यात जवळून बघायचं होतं, दुसरं कारण नव्हतं. तू उडी मारायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणालास, "आज आकडं म्हनू नगंस, भावा."

सगळी वळणं तू अशी घेतलीस की मला हेवा वाटावा. बोटं मुडपलेली, दोन्ही हात एकदम. तलावाच्या शेवटच्या लांबीला पाचव्या लेनमधला मुंबईचा पोरगा तुझ्या खांद्याला खांदा लावून होता. तू मान वर काढून भिंत बघितलीस. तुझी खाणीतली सवय. आणि शेवटचा हात टाकताना तुझ्या उजव्या हाताची बोटं उघडली. तू उघडली नाहीस, ती उघडली. भिंत समोर असताना कुणाचाही हात तेच करेल.

तिथे दुसरा कोणताही पंच असता तर त्याला काही दिसलं नसतं. तेवढं दिसायला माणूस रोज संध्याकाळी तुझ्या भिंतीपाशी बसलेला असावा लागतो. माझी नजर तू घडवली होतीस.

मी हात वर केला.

मुख्य पंच आले. म्हणाले, "नक्की?"

"नक्की. उजवा आधी लागला."

त्यांनी पाण्यात तुझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाले, "तो हात तसा आहे म्हणून तर तुम्हाला वाटत नाही ना?"

"नाही. पाहिलं म्हणून सांगतोय."

हात वर करताना माझ्या मनात काय होतं, हे तू कधी विचारलं नाहीस. पाचर होती. एकदा मी बघून न बघितल्यासारखं केलं आणि किंमत तू दिलीस. पुन्हा तसं करायचं नाही, एवढंच मला कळत होतं. ह्या वेळेचीही किंमत तूच देणार आहेस, हे हात खाली घेतल्यावर कळलं. माझ्या न बघण्याचा आणि बघण्याचाही खर्च तुझ्याकडूनच वसूल झाला.

परतीच्या बसमध्ये तू माझ्याच शेजारी बसलास. मला वाटलं होतं पुढे जाऊन बसशील. खडकी मागे पडल्यावर तू म्हणालास, "हात वर केलास त्ये बरूबर हाय. लागला उजवा आदी, मला बी कळलं. पर माझ्या लेनवर बसलास कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तुला अनेक वर्षं देत राहिलो. लेन वाटून दिलेली असते. पंचाने ओळख बघायची नसते. नियमात मनाई नव्हती. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "नियम न्हाई इचारला." खरं उत्तर मी एकदाही दिलं नाही. जवळून बघायचं होतं हे सांगायला लाज वाटायची.

तुझ्या वस्तीत तेव्हा लोक वेगळंच बोलत होते. किसन आपल्यातला म्हणून त्या पंचाने त्याला खाली पाडलं, वरच्या जातीचा आहे शेवटी, असं. तुझ्या मेहुण्याने ते माझ्या तोंडावर म्हटलं. तू चहा पीत होतास. म्हणालास, "न्हाई रं. त्यो तसला न्हाई. त्यो लई सरळ हाय. सरळ मानूस लई वंगाळ." मेहुणा हसला, विषय संपला. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तू माझी बाजू घेत होतास आणि खोटं काहीच बोलत नव्हतास.

तू प्रेसवरच राहिलास. पुन्हा स्पर्धेत उतरला नाहीस. पाचर मात्र कुठल्याच मशीनला ठोकू दिली नाहीस. नवी पोरं तुला भ्यायची. मी काढायला जायच्या आधी ती तू काढलेली असायची.

मधे एकदाच, काळेवाडीला एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेलो असताना, तू विचारलंस, "मी कितवा आलो व्हतो रं?"

मी म्हणालो, "पंचाला फक्त हात दिसतात."

"लई पंच झालास," तू म्हणालास आणि वाढप्याला आमटी आण म्हणून हाक मारलीस. पुन्हा विचारलं नाहीस. दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं. घड्याळवाले होते, मुंबईचा तो पोरगा होता. पण तुला ते माझ्याकडून हवं होतं.

गेल्या महिन्यात कँटीनमध्ये आपलं शेवटचं भांडण झालं. तू म्हणालास, "त्या लेनवर दुसरा असता तर मी आज कुटं असतो?"

"तलावावर."

"आन् तू?"

"मी इथेच."

"मंग तुझं काय गेलं, वसंता?"

भोंगा झाला आणि तू उठलास. मला वाटलं, ह्याचं उत्तर पुढच्या पाळीला देऊ. पुढच्या आठवड्यात पाळ्या बदलल्या. मग सकाळी बसथांब्यावर तू खाली बसलास आणि उठला नाहीस, हे मला गेटवर कळलं.

माझं काय गेलं? काही नाही, किसन. माझी नोकरी राहिली, बिल्ला राहिला, लोक मला सचोटीचा पंच म्हणून अजून बोलावतात. ह्या मोसमातही बोलावणं आलंय. मी नाही म्हणून कळवणार आहे. ते तुझ्यासाठी आहे असंही म्हणत नाही, कारण तू असतास तर म्हणाला असतास, आता कशाला, जा की.

उद्या दिघीला जाऊन वहिनींना सांगेन की तू पहिला आला होतास. हे खरं आहे. त्यांना तेवढं पुरेल. त्या ते भिंतीवरच्या तुझ्या फोटोला सांगतील, शेजारणींना सांगतील, आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट त्यांना सांगणार नाही. तीच इतकी वर्षं तुला सांगता आली नाही. तुला वाटायचं की पहिला आला असलास तर उजवी बोटं उघडली म्हणूनच, आणि बाद झालास तेही उघडली म्हणूनच. तसं नव्हतं. मी तिथे होतो. तुझा डावा, तुटका हात भिंतीला लागला, तेव्हा पाचव्या लेनमधल्या पोराचे दोन्ही हात अजून पाण्यात होते. तू बोटं मुडपून आला असतास तरी पहिलाच आला असतास. तुला ती उघडायची गरज नव्हती.